गुराला धडकलात, तर भरपाई कुणाकडून?

आरे कॉलनीतल्या रस्त्यावर रात्री म्हैस आडवी आली आणि स्कूटर घसरली, तर भरपाई कुणाकडे मागायची? जनावराला नंबर प्लेट नसते, त्याचा थर्ड पार्टी विमा (दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देणारा) नसतो आणि मालक बहुधा पुढे येत नाही. ही कोंडी जुनी आहे.

गुरांबद्दलचा मूळ कायदा १८७१ चा. त्याची मुख्य चिंता उभ्या पिकाची होती. शेतात शिरलेलं गुरू कोंडवाड्यात घालायचं, दंड आणि चाऱ्याचा खर्च भरून मालकानं ते सोडवून न्यायचं. रस्त्यावरचं मोकाट जनावरही पकडता येई, पण त्याच्यामुळे वाटसरूचा पाय मोडला तर काय, हा त्या कायद्याचा विषयच नव्हता. इंग्लंडमध्ये तर १९४७ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं, घोड्याला धडकलेल्या सायकलस्वाराला रिकाम्या हातानं परत पाठवलं. जनावर रस्त्यावर येऊ नये म्हणून कुंपण घालणं मालकावर बंधनकारक नाही, असं ठरलं. तिथल्या मालकांची ही सवलत १९७१ च्या कायद्यानं काढून घेतली. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा झालाच नाही. मालक शोधा आणि त्याचा निष्काळजीपणा दिवाणी न्यायालयात सिद्ध करा, एवढीच वाट उरली.

मोटारविमा आला तो वेगळ्या कारणानं. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातली विम्याची सक्ती १ जुलै १९४६ पासून लागू झाली. गाडीखाली सापडलेल्या माणसाला किंवा त्याच्या घरच्यांना पैसे मिळावेत, हा तिचा हेतू. १९८८ च्या कायद्यानं चौकट तीच ठेवली. त्याच्या कलम १३२ मध्ये जनावरांची यादीच आहे: घोडा, गुरं, हत्ती, उंट, गाढव, खेचर, मेंढी, बकरी. अपघात यांना झाला तर चालकानं काय करायचं, ते तिथं सांगितलंय. यांच्यामुळे चालकाचं काय होतं, याचा विचार नाही.

मुंबईत हे सावरायची संधी होती. शहरातले म्हशींचे तबेले हलवण्यासाठी आरे दूध वसाहत उभी राहिली, आणि १९७६ मध्ये शहरी भागात गुरं पाळायला परवाना लागेल असा राज्याचा कायदा झाला. प्रत्येक गुराची नोंद काटेकोर ठेवली असती, तर निदान मालकाचं नाव तरी सापडलं असतं. रेल्वेचं बघा. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई-गांधीनगर वंदे भारत गुजरातमध्ये म्हशींना धडकली, तेव्हा रेल्वे कायद्याखाली म्हशींच्या मालकांवर गुन्हा नोंदवला गेला, तोही अज्ञात मालकांवर.

सगळ्यात जास्त भरडला जातो तो दुचाकीस्वार. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात पुढची बैलगाडी अचानक थांबली आणि मागून येणारा मोटारसायकलस्वार तिच्यावर आदळून मरण पावला. मोटारसायकल उसनी होती. ती चालवणारा मालकाच्याच जागी उभा आहे, तो तिसरा पक्ष (थर्ड पार्टी) नव्हे, असं न्यायालयानं म्हटलं, आणि चूक सिद्ध न करता ठरावीक सूत्रानं भरपाई मागायचा त्याच्या वारसांचा मार्ग बंद झाला. कायद्याच्या भाषेत ते बरोबर असेल, पण त्या घराला त्याचा काय उपयोग?

चारचाकीवाल्याचं त्या मानानं बरं. सर्वंकष पॉलिसीत म्हशीची धडक ‘बाह्य कारणानं झालेला अपघात’ या कलमात बसते. तरी चुराडा होतो बंपर आणि लोखंडी जाळीच्या जागी आलेल्या प्लास्टिकच्या ग्रिलचा, आणि झिरो डेप (घसारा न कापण्याचं जादा संरक्षण) घेतलं नसेल तर प्लास्टिकच्या भागांची निम्मी किंमत कापली जाते. शिवाय नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो.

सप्टेंबर २०१८ मध्ये विमा नियामकानं मालक-चालकाचं, म्हणजे स्वतःची गाडी चालवणाऱ्या मालकाचं, वैयक्तिक अपघात संरक्षण वाढवून १५ लाखांवर नेलं. आधी दुचाकीला ते फक्त १ लाख होतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये महामार्गांवरची मोकाट गुरं हटवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयानं दिला. मात्र ते १५ लाख मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठीच आहेत. प्लास्टरमध्ये गेलेल्या पायाचं हॉस्पिटलचं बिल त्यातून मिळत नाही, आणि मागे बसलेल्याला तर हे संरक्षण लागूच नाही.