क्रिएटिनिन नॉर्मल, सिस्टॅटिन सी वाढलेलं: किडनीबद्दल खरं कोण सांगतं?

क्रिएटिनिन म्हणजे किडनीचा आकडा, असं आपण धरून चालतो. पण त्या आकड्यात स्नायूंचाही वाटा असतो. स्नायूंमधल्या क्रिएटिनपासून ते रोज तयार होतं आणि किडनी ते गाळून लघवीवाटे बाहेर टाकते. स्नायू भरदार असतील तर ते जास्त बनतं, झडले तर कमी. २५ वर्षांचा पुरुष आणि ७० वर्षांची स्त्री, दोघांचंही क्रिएटिनिन १.० मिलिग्रॅम आलं असं धरा. २०२१च्या सीकेडी-ईपीआय सूत्राने पुरुषाचा ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याचा अंदाजे वेग, १०७च्या आसपास निघतो आणि स्त्रीचा ६१च्या. रिपोर्टवर दोघांचंही क्रिएटिनिन बहुधा 'नॉर्मल'च असतं.

सिस्टॅटिन सी हे छोटं प्रथिन आहे. केंद्रक असलेल्या जवळपास सगळ्या पेशी ते बऱ्यापैकी एकसारख्या वेगाने बनवतात, त्यामुळे स्नायू किती आहेत याचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. किडनीत गाळलं गेल्यावर नलिकांमधल्या पेशी ते शोषून तिथेच मोडून टाकतात. क्रिएटिनिनचं तसं नाही. थोडं क्रिएटिनिन नलिका स्वतःच लघवीत सोडतात आणि गाळण मंदावली की हा वाटा वाढतो. म्हणून सुरुवातीची घसरण त्यात नीट उमटत नाही. ट्रायमेथोप्रिमसारखं औषध नलिकांचं हे काम अडवतं. मग गाळण तशीच असूनही क्रिएटिनिन चढतं.

मला सर्वांत काळजीची वाटते ती आजार पुढे सरकत असतानाची फसगत. दीर्घकालीन किडनीविकारात भूक मरते, वजन उतरतं, स्नायू झडतात. गाळण कमी होतेय, पण क्रिएटिनिन बनतंही कमी, मग आकडा वर्षभर जागचा हलत नाही आणि घरचे निर्धास्त होतात. लिव्हर सिरॉसिस झालेले, हात किंवा पाय गमावलेले, महिनोन्महिने अंथरुणाला खिळलेले, अशांच्या बाबतीत सिस्टॅटिन सी करायचं का, हे डॉक्टरांना जरूर विचारावं. औषधांचे डोसही याच अंदाजावर ठरतात.

उलटंही घडतं. पिळदार शरीराच्या माणसाचा क्रिएटिनिनवरून काढलेला ईजीएफआर ४५ ते ५९ दिसतो, बाकी बिघाडाची काही खूण नसते. अशा वेळी सिस्टॅटिन सी तपासा आणि त्यावरून ईजीएफआर ६० किंवा जास्त आला तर किडनीविकाराचं निदान पक्कं धरू नका, असं केडिगो या किडनीविकारांच्या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१२मध्येच सांगितलं होतं.

सिस्टॅटिन सीही निर्दोष नाही. स्टेरॉइड, थायरॉइडचा जोर, लठ्ठपणा, धूम्रपान, शरीरातला दाह यांनी ते वाढतं. थायरॉइड मंद असेल तर कमी दिसतं. म्हणून दोन्ही आकडे घेऊन काढलेला ईजीएफआर सहसा एकट्या आकड्यापेक्षा अचूक ठरतो.

आजाराचा वेग पाहताना मात्र सरमिसळ करू नका. गेल्या वर्षीचा ईजीएफआर क्रिएटिनिनवरून आणि यंदाचा सिस्टॅटिनवरून काढला असेल, तर दोन्हींतला फरक ही घसरण नव्हे. एकाच पद्धतीचे आकडे शेजारी ठेवा, शक्यतो एकाच लॅबचे. वर्षाला ५पेक्षा जास्त अंकांची टिकून राहिलेली घट वेगवान मानतात.

लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन गळतंय का, हे या दोन्हींपैकी एकही तपासणी सांगत नाही. मधुमेहात बऱ्याचदा तीच पहिली खूण असते. ती तपासणी वेगळी करावी लागते, दोन्ही आकडे चांगले असले तरी.