दुहेरी पेरोव्हस्काइट ऑक्साइडे : चुंबकीय गुणधर्म

ज्या पेरोव्हस्काइट ऑक्साइडांत ‘बी’ स्थानावर (लहान धातू-आयनाच्या जागी) एकाऐवजी दोन धातूंचे आयन असतात, त्यांना दुहेरी पेरोव्हस्काइट म्हणतात. त्यांचे चुंबकत्व कोणते धातू घेतले यावर ठरते, आणि ते धातू जालकात (स्फटिकातील आयनांच्या मांडणीत) कोणत्या क्रमाने बसले यावरही तितकेच ठरते. म्हणूनच सूत्र तेच, वजने तीच, तरी एका भट्टीतला नमुना जोरकस चुंबक निघतो आणि दुसरीतला निम्म्या ताकदीचा.

पेरोव्हस्काइट हे मूळचे कॅल्शियम टायटेनेट या खनिजाचे नाव. गुस्टाव्ह रोझ यांनी १८३९ मध्ये उरल पर्वतातील नमुन्यांवरून त्याचे वर्णन केले. या रचनेत मोठा ‘ए’ आयन (स्ट्रॉन्शियम, बेरियम, लँथॅनम) बारा ऑक्सिजनांच्या वेढ्यात असतो. लहान ‘बी’ आयनाभोवती सहा ऑक्सिजनांचे अष्टफलक असते आणि शेजारची अष्टफलके कोपऱ्याला कोपरा लावून जोडलेली असतात. शेजारच्या दोन ‘बी’ धातूंच्या मध्ये नेहमी ऑक्सिजन येतो व चुंबकीय जोडणी त्याच्यामार्फत होते. धातू–ऑक्सिजन–धातू हा कोन १८० अंशांच्या जवळ असला की ती सहसा बळकट असते. ‘ए’ आयन लहान पडला की अष्टफलके कलतात, कोन घटतो आणि बहुधा क्यूरी तापमानही (ज्याच्या वर पदार्थाचे चुंबकत्व नाहीसे होते ते) उतरते. कॅल्शियम-लोह-रेनियम ऑक्साइड याला ठळक अपवाद आहे : त्याचे क्यूरी तापमान ५०० केल्व्हिनच्या वर, तर स्ट्रॉन्शियमच्या भावंडाचे सुमारे ४०० केल्व्हिन.

जोडणीची दिशा गुडइनफ (१९५५) व कानामोरी (१९५९) यांच्या नियमांनी सांगता येते. समोरासमोरचे दोन्ही कक्षक (आयनातील इलेक्ट्रॉनांच्या जागा) अर्धे भरलेले असतील, तर स्पिन (इलेक्ट्रॉनांच्या चुंबकत्वाच्या दिशा) एकमेकांविरुद्ध राहतात. लँथॅनम फेराइट यामुळेच सुमारे ७४० केल्व्हिनपर्यंत प्रतिलोहचुंबकी असते. एक कक्षक अर्धा भरलेला आणि समोरचा रिकामा असेल, तर स्पिन एका दिशेला वळतात. लँथॅनम-निकेल-मँगनीज ऑक्साइडात निकेल (२+) आणि मँगनीज (४+) आलटूनपालटून बसले की हेच घडते : सुमारे २८० केल्व्हिनखाली विद्युत् निरोधक असूनही लोहचुंबकी, आणि प्रत्येक सूत्रामागे ५ बोर मॅग्नेटॉन, म्हणजे अणूंचे चुंबकत्व मोजायचे एकक (निकेलचे २, मँगनीजचे ३). निकेलशेजारी निकेल आला की तिथली जोडणी उलटी होते.

स्ट्रॉन्शियम-लोह-मॉलिब्डेनम ऑक्साइडाचा सर्वाधिक अभ्यास झाला तो १९९८ नंतर, त्यात खोलीच्या तापमानालाही चुंबकीय क्षेत्राने विद्युत् रोध बदलतो हे दिसल्यावर. त्याचे क्यूरी तापमान सुमारे ४१५ केल्व्हिन आहे. लोहाचे ५ आणि मॉलिब्डेनमचा विरुद्ध दिशेचा १, म्हणजे सूत्रामागे ४ बोर मॅग्नेटॉन मिळायला हवेत. प्रत्यक्षात बहुतेक नमुने कमी देतात, कारण लोह (३+) आणि मॉलिब्डेनम (५+) यांच्या आकारांत फारच थोडा फरक असल्याने ते एकमेकांच्या जागा सहज घेतात. मॅग्नेशियम (२+) आणि टंगस्टन (६+) यांच्यासारख्या जोडीत प्रभारांची तफावत मोठी असते, त्यामुळे क्रम जवळजवळ आपोआप लागतो; पण त्या जोडीत चुंबकीय आयनच नाही.

जागा चुकलेल्या लोहाचा अंश ‘क्ष’ मानला, तर साध्या हिशेबाने चुंबकीय परिबल (सूत्रामागचे बोर मॅग्नेटॉन) = ४ − ८क्ष. समजा, कमी तापमानाला संपृक्त (क्षेत्र वाढवूनही आणखी न वाढणारे) चुंबकन ग्रॅममागे ४० ईएमयू (चुंबकनाचे एकक) मिळाले. त्याला रेणुभार ४२३ ने गुणून ५५८५ ने (एका बोर मॅग्नेटॉनचे मोलमागचे ईएमयू) भागले की ३.०३ बोर मॅग्नेटॉन येतात, म्हणजे क्ष सुमारे ०.१२. ही किंमत क्ष-किरण विवर्तनाशी ताडून पाहावीच. तांब्यापासून मिळणाऱ्या क्ष-किरणांत १९.५ अंशांजवळची बारीक रेषा ही क्रमाची खूण आहे. ती ३२ अंशांच्या मुख्य रेषेच्या मानाने फार क्षीण असते, म्हणून तिथे सावकाश मोजणी घ्यावी. दोन उत्तरे जुळली नाहीत, तर ऑक्सिजनची कमतरता किंवा परका पदार्थ शोधावा.

०.०१ मोल पदार्थासाठी स्ट्रॉन्शियम कार्बोनेट २.९५३ ग्रॅम, फेरिक ऑक्साइड ०.७९८ ग्रॅम आणि मॉलिब्डेनम ट्रायऑक्साइड १.४४० ग्रॅम खलात घोटून एकजीव करतात आणि हवेत ९०० °से.पर्यंत भाजतात. तापमान सावकाश चढवावे : मॉलिब्डेनम ट्रायऑक्साइड ७९५ °से.ला वितळते आणि त्याआधीच उडू लागते. घाई केली की मॉलिब्डेनम कमी पडतो आणि सगळे प्रमाण बिघडते. या टप्प्यावर पांढरे स्ट्रॉन्शियम मॉलिब्डेट आणि काळे स्ट्रॉन्शियम फेराइट यांचे मिश्रण हाती येते. ते पुन्हा घोटून, दाबून वड्या पाडतात आणि ५ टक्के हायड्रोजन मिसळलेल्या अर्गॉनमध्ये ११०० ते १२०० °से.ला काही तास ठेवतात. तापमान कमी राहिले तर आयन आपापल्या जागी सरकू शकत नाहीत, आणि फार वाढवले तर उष्णताच क्रम मोडते. थंड करतानाही तोच वायू चालू ठेवावा, कारण गरम वडीला हवा लागली की मॉलिब्डेट परत तयार होते. लँथॅनमच्या पदार्थांत चूक वजनापासूनच सुरू होते : लँथॅनम ऑक्साइड हवेतील ओलावा ओढून हायड्रॉक्साइड बनते, म्हणून ते ९०० ते १००० °से.ला तापवून लगेच तोलावे.

मापनात सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे मोकळे लोह. क्षपण (हायड्रोजनने ऑक्सिजन काढून घेणे) अति झाले की धातुरूप लोह सुटते आणि क्यूरी तापमानाच्या वरही चुंबकन शून्यावर येत नाही, कारण लोहाचे स्वतःचे क्यूरी तापमान १०४३ केल्व्हिन आहे. पोलादी चिमटा किंवा दळणयंत्रातले पोलादी गोळे यांचे कणही असाच घोटाळा करतात; प्लॅस्टिकचा चिमटा आणि झिर्कोनियाचे गोळे वापरावेत. ५० केल्व्हिनच्या आसपास छोटा उंचवटा दिसला, तर तो बहुधा नमुन्याचा नसतो. नमुनाकक्षात हवा शिरून गोठलेल्या ऑक्सिजनचा तो असतो. कक्ष रिकामा करून हेलियमने धुतला की तो जातो.