बास्केटबॉल व्हिडिओ गेममधील संगणक-नियंत्रित बचाव : वास्तवता आणि न्याय्यता

बास्केटबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये जे बचावपटू गेमरच्या कंट्रोलरवर नव्हे, तर गेमच्या प्रोग्रॅमनुसार हालचाल करतात, त्यांच्या एकूण वर्तनाला संगणक-नियंत्रित बचाव म्हणतात. पाच विरुद्ध पाच अशा सामन्यात गेमर बहुधा एका वेळी एकाच खेळाडूला हलवतो आणि मैदानावरील उरलेले नऊ जण संगणक सांभाळतो. त्यामुळे गेमरच्या जवळजवळ प्रत्येक आक्रमणाचा निकाल या बचावपटूंशी पडणाऱ्या गाठीतच लागतो. या बचावाची पारख दोन अंगांनी केली जाते. तो खऱ्या बास्केटबॉलमधील बचावासारखा दिसतो आणि वागतो का, हा वास्तवतेचा प्रश्न आहे. गेमरपेक्षा अधिक ठाऊक असण्याचा, किंवा गेमरच्या खेळाडूला शरीराने जे जमणार नाही ते जमण्याचा लाभ त्याला दिला आहे का, हा न्याय्यतेचा प्रश्न आहे. दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले असले तरी वेगळे आहेत. चेहऱ्यापासून चालीपर्यंत हुबेहूब वाटणारा बचावपटू अन्यायाने खेळू शकतो, आणि जुन्या गेममधील चार रेषांचा बचावपटू पूर्णपणे न्याय्य असू शकतो.

खऱ्या खेळातील बचाव

एनबीएचे, म्हणजे उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे, मैदान 94 फूट लांब आणि 50 फूट रुंद असते. बास्केट 10 फूट उंचीवर असते, आणि तीन गुणांची रेषा समोरून 23 फूट 9 इंच, तर कोपऱ्यात 22 फूट अंतरावर असते. एवढी जागा पाच जणांना पूर्ण झाकता येत नाही, म्हणून काय अडवायचे याइतकाच काय सोडून द्यायचे हाही बचावातील निर्णय असतो. चेंडू असलेल्या खेळाडूला अगदी भिडले तर तो बगलेतून आत शिरतो आणि दूर राहिले तर बाहेरून फेकतो. आत शिरणाऱ्याला अडवायला दुसरा बचावपटू सरकला की त्याचा स्वतःचा प्रतिस्पर्धी मोकळा होतो, त्याच्याकडे तिसऱ्याने धावायचे असते आणि तिसऱ्याने सोडलेल्याला चौथ्याने पाहायचे असते. ही साखळी एका जागी अर्ध्या सेकंदाने उशिरा हलली तरी कोपऱ्यात कोणीतरी मोकळा सापडतो. 1954 मध्ये एनबीएने आणलेल्या 24 सेकंदांत फेक करण्याच्या मर्यादेमुळे आक्रमण करणाऱ्यांनाही अशा चुकीची वाट बेमुदत पाहता येत नाही.

नियमांचाही येथे थेट संबंध येतो. एनबीएने 2001-02 च्या हंगामापासून झोन बचावाला (माणसाऐवजी जागा वाटून घेऊन केलेल्या बचावाला) मुभा दिली, पण त्याबरोबरच कोणत्याही प्रतिस्पर्ध्याला जवळून न अडवता बास्केटसमोरील रंगवलेल्या पट्ट्यात तीन सेकंदांहून अधिक थांबण्यास बचावपटूला मनाई केली. गेममध्ये हा नियम नीट अमलात आणला नाही, तर उंच सेंटर (बास्केटजवळ खेळणारा खेळाडू) बास्केटखाली ठाण मांडून बसतो आणि आत शिरण्याचा मार्गच बंद होतो. असा बचाव भेदणे कठीण असते, पण ते काठिण्य बास्केटबॉलचे नसते.

पूर्वपीठिका

अटारी कंपनीचा 1978 चा ‘बास्केटबॉल’ हा गेम एकास एक होता. त्यात संगणकाच्या बचावपटूला चेंडू आणि बास्केट यांच्या मध्ये राहणे, एवढेच मुख्यतः करायचे होते. 1983 मधील ज्युलियस अर्व्हिंग व लॅरी बर्ड यांच्या गेममध्येही सामना दोघांचाच होता. ‘एनबीए जॅम’ (1993) या दोनास दोन गेममध्ये धक्काबुक्कीला मोकळीक होती आणि वास्तवतेचा दावाच नव्हता. मात्र न्याय्यतेच्या चर्चेत त्याचे नाव आजही निघते. मागे पडलेल्या बाजूला छुपी मदत देण्याची योजना त्यात होती. शिवाय त्याचे मुख्य रचनाकार मार्क टर्मेल डेट्रॉइट पिस्टन्सचे चाहते होते, आणि चुरशीच्या सामन्यात पिस्टन्सविरुद्ध शिकागो बुल्सचे अखेरच्या क्षणीचे फेक हुकावेत अशी तरतूद आपण प्रोग्रॅममध्ये केली होती, हे त्यांनी पुढे स्वतः सांगितले. संगणक आपल्याविरुद्ध डाव रचतो, हा गेमरचा संशय दरवेळी केवळ हरण्याच्या रागातून येत नाही, याचा हा पुरावा म्हणता येईल. पाचास पाच खेळाचे अनुकरण करणाऱ्या ‘एनबीए लाइव्ह’ आणि 1999 मध्ये ड्रीमकास्ट या कन्सोलवर सुरू झालेल्या ‘एनबीए 2के’ या मालिकांनी मदतीचा बचाव, डबल टीम (एकाला दोघांनी घेरणे), स्क्रीनवरील (आक्रमकाने बचावपटूच्या वाटेत उभे राहून केलेल्या आडोशावरील) प्रतिस्पर्ध्यांची अदलाबदल हे सारे गेममध्ये आणले, आणि वास्तवतेचा प्रश्न तेव्हापासून खऱ्या अर्थाने उभा राहिला.

बचावपटूला काय ठाऊक असते

न्याय्यतेचा गाभा येथे आहे. प्रोग्रॅमपासून मैदानावरील काहीच लपलेले नसते. प्रत्येक खेळाडूची जागा, वेग, चेंडूची दिशा, आणि मुख्य म्हणजे गेमरने या क्षणी दाबलेले बटण, हे सर्व त्याला त्याच फ्रेममध्ये (पडद्यावरील एका चित्राच्या अवधीत) उपलब्ध असते. सेकंदाला 60 फ्रेम दाखवणाऱ्या गेममध्ये एक फ्रेम सुमारे 16.7 मिलिसेकंदांची असते. डोळ्यांनी पाहून प्रतिसाद द्यायला माणसाला साधारण 200 ते 250 मिलिसेकंद, म्हणजे 12 ते 15 फ्रेम लागतात. या फरकाचे काय करायचे, हे रचनाकाराला ठरवावे लागते.

क्रॉसओव्हरचे उदाहरण घेऊ. गेमर कंट्रोलरची स्टिक फिरवतो. पडद्यावरील खेळाडू उजव्या खांद्याने खोटा झोका देतो, चेंडू डाव्या हातात येतो आणि पहिले पाऊल डावीकडे पडते. खऱ्या बचावपटूचा तोल खोट्या झोक्याने उजवीकडे झुकतो, वजन एका पायावर येते, आणि ते परत घेण्यात गेलेला वेळ हेच आक्रमकाने कमावलेले अंतर असते. प्रोग्रॅमने स्टिकचा इशारा थेट वाचला, तर बचावपटू झोक्याकडे ढुंकूनही न पाहता डावीकडे सरकतो. कधी तर चेंडू हात बदलण्याआधीच त्याची पावले वळलेली दिसतात. हुलकावणीचा अर्थच मग उरत नाही. खेळाचे एक अख्खे कौशल्य असे निकामी होते आणि गेमरला त्याचे कारणही कळत नाही, म्हणून हा दोष फुगवलेल्या आकड्यांहून गंभीर मानला पाहिजे.

पासच्या बाबतीत हाच दोष अधिक उघडपणे दिसतो. एक बचावपटू चेंडूकडे पाठ करून आपल्या माणसामागे धावत असतो. त्याच्या मागून दुसऱ्याच खेळाडूसाठी पास निघतो. आणि मान न वळवता त्याचा हात मागे जाऊन चेंडू पकडतो. प्रोग्रॅमच्या लेखी चेंडूचा मार्ग त्या हाताच्या टप्प्यातून जात होता आणि स्टीलची (चेंडू हिसकावण्याची) शक्यता जुळून आली होती, एवढेच घडलेले असते. तो चेंडू त्याला दिसत होता का, हा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो.

यावरचा उपाय म्हणजे बचावपटूचे ज्ञान मुद्दाम मर्यादित करणे. त्याला मैदानाची ताजी स्थिती न देता काही फ्रेम जुनी स्थिती द्यायची, बटणाऐवजी पडद्यावर दिसू लागलेली शरीराची हालचाल हाच त्याचा आधार ठेवायचा, त्याच्या नजरेचा कोन ठरवून त्याबाहेरील गोष्टी शेवटच्या पाहिलेल्या जागी आहेत असे त्याला धरून चालायला लावायचे. हा उशीर सर्वांना सारखा नसावा. खऱ्या खेळातील उत्तम बचावपटू इतरांहून लवकर हलतात, ते पुढचा पास ताडून. त्यांचे डोळे इतरांच्या कित्येक पट वेगाने चालतात म्हणून नव्हे. त्यामुळे बचावाची गुणवत्ता प्रतिसादाच्या वेळेपेक्षा अंदाजाच्या अचूकतेत दाखवणे अधिक खरे ठरते. ज्याचा अंदाज पक्का तो योग्य जागी आधी पोहोचतो, पण त्याचाही अंदाज कधी चुकतो, आणि त्या चुकीची शिक्षा करण्याची संधी गेमरला मिळते.

शरीर, ॲनिमेशन आणि टक्कर

आधुनिक गेममधील हालचाली मोशन कॅप्चरने (खऱ्या माणसांच्या हालचाली नोंदवण्याच्या तंत्राने) टिपलेल्या असतात. ‘एनबीए 2के24’ पासून (2023) प्रत्यक्ष सामन्यांच्या चित्रीकरणातून हालचाली घडवण्याचे ‘प्रोप्ले’ नावाचे तंत्रही वापरात आले. दृश्य यामुळे देखणे झाले, पण बचावात त्याची एक किंमत मोजावी लागते. दोन खेळाडूंनी मिळून करायची हालचाल, जसे आत शिरणाऱ्याला छातीने थोपवणे, एकदा सुरू झाली की ती पुरी होईपर्यंत दोघेही तिच्यात अडकतात. ती जुळावी म्हणून प्रोग्रॅम बचावपटूला फूट-दीड फूट ओढून योग्य जागी आणतो. आपण याला मागे टाकले होते, असे गेमरला पडद्यावर दिसत असते. तरी तो लोहचुंबकासारखा पुन्हा समोर येतो. येथे तक्रार वास्तवतेची आणि न्याय्यतेची एकाच वेळी होते, कारण पाय न उचलता सरकलेला माणूस खोटाही दिसतो आणि लाभही घेतो. हालचाल सुरू करण्यापूर्वी बचावपटू खरोखर त्या जागी पोहोचला आहे का हे तपासणे, आणि मध्येच ती मोडण्याची मुभा ठेवणे, हे मार्ग आहेत. त्यांत दृश्याचा गुळगुळीतपणा थोडा कमी होतो. तो कमी झालेला चालेल, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आकडे आणि शक्यता

फेक आत जाणार की नाही हे अंतर, फेकणाऱ्याचे कौशल्य, बटण सोडण्याची वेळ आणि बचावपटूचा अडथळा यांच्या हिशेबातून ठरते. अडथळा किती होता हे गेमने दाखवले नाही, तर मोकळा वाटलेला फेक हुकताच तो अन्याय वाटतो. ‘सिव्हिलायझेशन’ या गेमचे रचनाकार सिड मायर यांनी 2010 च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समधील भाषणात असे निरीक्षण मांडले होते की, तीनास एक अशी अनुकूल शक्यता दाखवली की खेळणारे विजय गृहीतच धरतात. त्यांचे उदाहरण युद्धाच्या गेममधील असले तरी ते येथेही लागू पडते. म्हणून शक्यता न्याय्य असणे पुरेसे नाही, ती दिसलीही पाहिजे. फेकीनंतर अडथळ्याची मात्रा दाखवण्याची पद्धत त्यासाठीच उपयोगी ठरते.

वास्तवता तपासायला खऱ्या सामन्यांचे आकडे हाताशी आहेत. 48 मिनिटांच्या एनबीए सामन्यात एक संघ अलीकडच्या काळात सरासरी सात-आठ स्टील आणि पाचच्या आसपास ब्लॉक (फेकलेला चेंडू हवेतच अडवणे) करतो. एका खेळाडूने एका सामन्यात केलेल्या स्टीलचा उच्चांक 11 आहे, तो लॅरी केनन यांनी 1976 मध्ये केला आणि केंडल गिल यांनी 1999 मध्ये त्याची बरोबरी केली. पाच-पाच मिनिटांच्या चार भागांच्या गेममध्ये संगणकाचा संघ पंधरा स्टील करत असेल, तर मांडणीत खोट आहे हे सांगायला आणखी चाचणी लागत नाही. मात्र उलटा निष्कर्ष काढू नये: एकूण आकडे जुळले तरी ते चुकीच्या प्रसंगांतून जमा झालेले असू शकतात.

काठिण्यपातळी

बहुतेक गेममध्ये काठिण्याच्या पायऱ्या असतात. ‘एनबीए 2के’मध्ये रूकीपासून हॉल ऑफ फेमपर्यंत त्या चढत जातात. वरच्या पायरीवर बचाव नेमका कशाने कठीण करावा, यावर मतभेद आहेत. बचावपटूंचा वेग वाढवणे, स्टीलची शक्यता फुगवणे, गेमरच्या फेकीची टक्केवारी उतरवणे हे सोपे उपाय आहेत; पण त्यामुळे ओळखीचा मध्यम बचावपटूही अचानक अजिंक्य होतो आणि खेळाडूंमधील फरकच पुसला जातो. त्याऐवजी निर्णय सुधारता येतात: साखळी वेळेवर हलवणे, गेमरची आवडती चाल ओळखून ती बंद करणे, कमकुवत फेक असणाऱ्याला मुद्दाम मोकळे सोडणे. अशा बचावाकडून हरलेला गेमर पुढच्या वेळी वेगळे काही करून पाहू शकतो, फुगवलेल्या टक्केवारीकडून हरलेल्याच्या हाती मात्र काहीच लागत नाही. स्लायडर (वेग, शक्यता असे घटक कमी-जास्त करण्याची सोय) देऊन ही निवड गेमरवरच सोपवण्याची प्रथा रूढ आहे, आणि वास्तव आकड्यांपर्यंत पोहोचण्यासाठी अनेक जण ते तासन्‌तास जुळवत बसतात.

गेमरच्या बाजूचे बचावपटू

या विषयातील हा दुर्लक्षित भाग आहे. बचाव करताना गेमरचे चार सहकारीही संगणकाच्याच ताब्यात असतात, आणि त्यांनी केलेल्या चुकीचे गुण गेमरच्या खात्यातून जातात. स्क्रीनवर सहकारी न सांगता अदलाबदल करतो आणि ठेंगण्या गार्डसमोर सात फुटी सेंटर उभा राहतो. किंवा मदतीची गरज नसताना सहकारी कोपरा सोडून आत येतो आणि तिथून तीन गुण जातात. दोन्ही संघ एकाच प्रोग्रॅमवर चालत असले तरी येथे समानता नसते, कारण संगणकाच्या संघातील पाचही जणांचा निर्णय एकाच ठिकाणी होतो, तर गेमरच्या संघात चार जणांना पाचव्याच्या मनात काय आहे याचा केवळ अंदाज करावा लागतो. पिक अँड रोलला (स्क्रीन लावून लगेच बास्केटकडे धावण्याच्या चालीला) कसे उत्तर द्यायचे, कोणाला डबल टीम करायचे, मदत किती द्यायची, हे आधी ठरवून देण्याची सोय त्यामुळे चैनीची नसून न्याय्यतेसाठी आवश्यक ठरते. ठरवलेली सूचना सहकाऱ्याने मोडली तर ती का मोडली हेही दिसले पाहिजे.

प्रत्यक्ष खेळातील माहितीचा उपयोग

2013-14 च्या हंगामापासून एनबीएच्या सर्व मैदानांवर कॅमेऱ्यांनी खेळाडूंची जागा सेकंदाला 25 वेळा नोंदवली जाऊ लागली. टोरांटो रॅप्टर्स संघाच्या विश्लेषकांनी त्या काळात अशा नोंदींवरून आभासी बचावपटू तयार केले होते. प्रत्यक्ष खेळाडू जिथे होता त्याशेजारी, तो जिथे असायला हवा होता ती जागा ते दाखवत. अपेक्षेप्रमाणे हे आभासी बचावपटू मदतीला खऱ्या खेळाडूंपेक्षा अधिक वेळा आणि अधिक लवकर धावत, कारण ते थकत नसत आणि त्यांचे लक्षही विचलित होत नसे. गेमच्या रचनाकारांसाठी यातील बोध सरळ आहे. आदर्श जागा मोजून काढता येते, पण बचावपटूला नेहमी तिथेच उभे केले तर तो खऱ्या खेळाडूपासून दूर जातो. चौथ्या भागातील दमलेली पावले, फाउल वाढल्यावर येणारा सावधपणा, नुकत्याच हुकलेल्या डावाची धास्ती यांचाही हिशेब त्यात धरावा लागतो.

न्याय्यतेची एक बाजू गेमरवरही येते. बचावातील एखादे छिद्र सापडले, जसे ठरावीक जागेवरून ठरावीक हुलकावणी दरवेळी चालणे, की अनेक गेमर तेवढीच चाल पुन्हा पुन्हा वापरतात. त्यावर उपाय म्हणून त्या चालीची यशाची टक्केवारी गुपचूप घटवली, तर जुनाच दोष दुसऱ्या दाराने आत येतो. चाल दोन-तीनदा यशस्वी झाल्यावर बचावपटूने त्या बाजूला अर्धे पाऊल आधीच सरकून उभे राहावे आणि त्यामुळे दुसरी बाजू उघडी पडावी, हा खऱ्या मैदानावरील प्रतिसाद गेममध्येही करता येतो, आणि तो रिप्लेमध्ये दोन्ही बाजूंना तपासून पाहता येतो.