फिल्टर बदलला म्हणून ईसीयूही बदलायचा?

"कोन फिल्टर आणि मोकळा सायलेन्सर लावला की ईसीयू बदलावाच लागतो, नाहीतर इंजिन जातं." गॅरेजमध्ये हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. तसं नाही. ईसीयू म्हणजे इंजिनाला पेट्रोल किती आणि ठिणगी कधी, हे ठरवणारा संगणक. पेट्रोल गाडीचा कंपनीचा ईसीयू ऑक्सिजन सेन्सरकडे बघून हवा-पेट्रोलचं प्रमाण १४.७ ला १ च्या आसपास स्वतःच सांभाळतो. स्वस्तातला ओबीडी स्कॅनर (ईसीयूतले आकडे वाचणारं यंत्र) लावा आणि 'लाँग टर्म फ्युएल ट्रिम' बघा, म्हणजे ईसीयू पेट्रोल ठरलेल्यापेक्षा किती टक्के कमी-जास्त करतोय ते. आकडा उणे-अधिक ५ टक्क्यांत खेळतोय? मग नव्या ईसीयूचे पैसे टायरांवर घाला. अधिक २० वर अडकलाय? आधी हवेची गळती शोधा. तडकलेला एखादा रबरी पाइपही पुरतो.

खरी गरज पडते ती बिनटर्बोच्या गाडीला टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) बसवताना. तिचा मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) साधारण वातावरणाच्या दाबापर्यंतच मोजतो, टर्बोने त्यापुढे वाढवलेला दाब, म्हणजे बूस्ट, ईसीयूला दिसतच नाही. त्यात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की ईसीयू ऑक्सिजन सेन्सरचं ऐकणं सोडून ठरलेल्या तक्त्यावर चालतो. पेट्रोल कमी, ठिणगी लवकर, आणि पिस्टनला भोक! तरीही आधी विचारा, मूळ ईसीयू रीमॅप होतो का, म्हणजे त्यातले तक्ते बदलता येतात का? बऱ्याचदा जास्त दाब मोजणारा मॅप सेन्सर, पेट्रोल फवारणारे मोठे इंजेक्टर आणि रीमॅपवर भागतं. मूळ ईसीयूच्या सॉफ्टवेअरचं कुलूप उघडतच नसेल, तर स्टँडअलोन, म्हणजे त्याच्या जागी बसणारा स्वतंत्र ईसीयू, घ्या.