घरमालकाच्या वतीने: खान्देशातील इमारत-व्यवस्थापकाची पार्श्वभूमी

जळगाव किंवा धुळ्याच्या अपार्टमेंटमध्ये मेन्टेनन्स गोळा करणारा, लिफ्ट बंद पडली की मिस्त्रीला बोलावणारा आणि पुण्यात किंवा परदेशात स्थायिक झालेल्या फ्लॅटमालकांसाठी भाडेकरू शोधणारा मॅनेजर पुष्कळदा एकच असतो. हे काम जुने आहे. कायद्याने त्याला दिलेले स्थान मात्र तुकड्यातुकड्यांनी आले.

बाजारपेठेतील वाड्यांचे आणि चाळींचे भाडे पूर्वी पेढीवरचा मुनीम वसूल करी, गळके छप्पर दुरुस्त करायचे की नाही हे मालकाला विचारून ठरवी आणि सारे पेढीच्याच वहीत लिही. भुसावळची रेल्वे वसाहत याला अपवाद होती. तेथे क्वार्टरचे भाडे पगारातून कापले जाई आणि दुरुस्ती रेल्वेचा आयओडब्ल्यू, म्हणजे बांधकाम निरीक्षक, पाही.

खान्देश मुंबई प्रांतात असल्यामुळे येथे १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. बोदवडच्या पुढे मलकापुरात मात्र मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश चाले आणि भाडेकरूला नोटीस देण्याआधी तेथे भाडे नियंत्रकाची परवानगी लागे. मुंबईच्या कायद्याने प्रमाण भाडे, म्हणजे घेता येणाऱ्या भाड्याची कायदेशीर मर्यादा, साधारणपणे १ सप्टेंबर १९४० च्या भाड्याशी बांधले. उत्पन्न गोठले, दुरुस्त्या रखडल्या आणि मुनीमाकडे मुख्यतः पावती फाडण्याचे काम उरले. विशेष म्हणजे याच कायद्याच्या व्याख्येत स्वतःसाठी किंवा दुसऱ्याच्या वतीने भाडे घेणारा, असा कोणीही ‘घरमालक’ ठरत होता, आणि घेतलेल्या रकमेची लेखी पावती देणे त्याच्यावर बंधनकारक होते. वसुली करणाऱ्या माणसाची ही स्पष्ट दखल होती.

सामायिक मालकीच्या इमारतींची गोष्ट निराळी आहे. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याने कारभार निवडून आलेल्या समितीकडे दिला. तेथे मॅनेजर हा केवळ पगारी नोकर असून चुकीचा जाब समितीलाच द्यावा लागतो. १९६३ च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांच्या, कायद्याने सोसायटी स्थापन करण्याची आणि मालमत्ता हस्तांतरित करण्याची जबाबदारी बिल्डरवर टाकली, परंतु हस्तांतरण लांबले की वर्षानुवर्षे बिल्डरचाच माणूस पाण्याचे बिल आणि वॉचमनचा पगार पाहत राहतो. बिल्डरने टाळले तरी मालमत्ता सोसायटीच्या नावे करून घेण्याची, म्हणजे मानीव अभिहस्तांतरणाची, तरतूद २००८ च्या दुरुस्तीने झाली, म्हणजे ४५ वर्षांनी. हा उशीर माझ्या मते सर्वांत महागात पडला. १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याने मात्र व्यवस्थापक मंडळाला मॅनेजर नेमता येईल का आणि मंडळाचे कोणते अधिकार त्याच्याकडे सोपवता येतील, हे उपविधींतच (इमारतीच्या अंतर्गत नियमांत) नमूद करायला सांगितले. ही तरतूद चांगली आहे, पण इमारत या कायद्याखाली आणणारे घोषणापत्र छापील नमुन्याबरहुकूम नोंदवून मोकळे होणाऱ्यांना तिचा उपयोग होत नाही.

पुढे फ्लॅटमालक नोकरीसाठी बाहेर गेले आणि भाडेकरूंचा प्रश्न सोसायटीच्या आत आला. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या राज्याच्या नव्या भाडे नियंत्रण कायद्याने करार लेखी व नोंदणीकृत असणे सक्तीचे केले आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर ठेवली. स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देणाऱ्या सभासदाकडून सोसायट्या मनमानी रक्कम घेत. १ ऑगस्ट २००१ च्या शासकीय आदेशाने या बिनभोगवटा शुल्कावर सेवाशुल्काच्या १० टक्क्यांची मर्यादा घातली.

२०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन, कायद्याने एजंटांना नोंदणी सक्तीची केली, पण ती विक्रीच्या व्यवहारांपुरती. फ्लॅट भाड्याने लावून देणाऱ्या किंवा इमारत सांभाळणाऱ्या माणसाला त्या कायद्याखाली नोंदणी लागत नाही. मालकाशी असलेल्या त्याच्या नात्याला अजूनही १८७२ चा करार कायदा लागू होतो, ज्यानुसार प्रतिनिधीने मालकाच्या सूचनांप्रमाणे वागायचे आणि मागितल्यावर हिशेब द्यायचा असतो. मॅनेजरने परस्पर केलेला भाडेकरार मालकावर बंधनकारक आहे का, हा वाद उभा राहिला की म्हणूनच त्याच्याजवळचे मुखत्यारपत्र आधी पाहिले जाते.