आठवड्याचे सूत्र आणि मिश्र माध्यमाची वही : एका सवयीची पार्श्वभूमी

मिश्र माध्यमातील कला-रोजनिशी म्हणजे शब्द, रंग, कापलेली चित्रे, शिक्के, धागे, जुनी तिकिटे असे जे हाती येईल ते एकाच पानावर थरांथरांनी आणणारी वही. आज ती पुष्कळदा एका ठरावीक रीतीने ठेवली जाते: दर आठवड्याला एक सूत्र, म्हणजेच प्रॉम्प्ट, मिळते आणि सात दिवसांत त्यावर एखादे पान किंवा समोरासमोरची दोन पाने उभी करायची असतात. ही जोडी आता इतकी रुळली आहे, की वही आणि सूत्र एकत्रच जन्माला आली असावीत असा समज होतो. प्रत्यक्षात या दोन स्वतंत्र परंपरा आहेत. एक साठवण्याची आणि चिकटवण्याची, तर दुसरी बाहेरून आलेल्या अटीला किंवा योगायोगाला वाट करून देण्याची. त्यांची घट्ट गाठ पडायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

साठवण्याची परंपरा आधी शब्दांची होती. प्रबोधनकाळातील युरोपात वाचक आपल्या आवडीचे उतारे विषयवार वह्यांत उतरवून घेत, आणि इटलीतील व्यापारी हिशेब, औषधांचे पाठ, कविता आणि रेखाटने एकाच वहीत बेधडक एकत्र ठेवत. तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी तर अशा वहीची सूची कशी बनवावी, याची पद्धतच 1686 मध्ये प्रसिद्ध केली. या वह्यांत सौंदर्याचा हेतू क्वचितच होता. जे विसरू नये ते हाताशी असावे, एवढाच विचार होता. चित्रांचा भरणा झाला तो छपाई स्वस्त झाल्यावर. एकोणिसाव्या शतकात रंगीत शिळामुद्रण, म्हणजे दगडावरून रंगीत छपाई करण्याची पद्धत, रूढ झाले, बाजारात कापून लावण्यासाठीच छापलेली फुले, देवदूत आणि प्राणी आले, आणि चिकटवही हा घरोघरचा छंद बनला. लेखक मार्क ट्वेन यांनी 1873 मध्ये ज्या चिकटवहीचे पेटंट घेतले, तिच्या पानांवर गोंदाचे पट्टे आधीच लावलेले असत. ते ओले केले की काम झाले. गोंद हाच या छंदातला मोठा अडथळा होता, हे त्या पेटंटवरून कळते.

या घरगुती परंपरेतील एक नाव विशेष आदराने घ्यायला हवे. इंग्लंडमधील मेरी डिलेनी यांनी वयाच्या सत्तरीनंतर, 1772 च्या सुमारास, रंगीत कागदाचे बारीक तुकडे काळ्या पार्श्वभूमीवर लावून वनस्पतींची चित्रे करायला सुरुवात केली आणि दृष्टी अधू होईपर्यंत जवळजवळ एक हजार चित्रे पूर्ण केली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. कलेच्या इतिहासात कोलाजचा, म्हणजे तुकडे चिकटवून केलेल्या चित्राचा, आरंभ सहसा 1912 मध्ये मानला जातो, कारण त्या वर्षी चित्रकार पिकासो यांनी खुर्चीच्या वेताच्या विणीची छपाई असलेले ऑइलक्लॉथ, म्हणजे तेलाचा लेप दिलेले कापड, चित्रात चिकटवले आणि त्यांचे सहकारी चित्रकार ब्राक यांनी लाकडी पोताचा छापील कागद कोळशाच्या रेखाटनात आणला. या दोघांच्या धाडसाचे मोल कमी नाही. त्यांनी चिकटवलेल्या तुकड्याला चित्राच्या रचनेत हक्काची जागा दिली. पण कात्री आणि कागद घेऊन बसलेल्या बायकांचा दीड शतकांचा सराव त्या आरंभाच्या आधी उभा आहे, आणि आजची कला-रोजनिशी दालनात टांगलेल्या चित्रांपेक्षा त्या सरावाचीच अधिक जवळची वारस आहे, असे मला वाटते.

पुढे या दोन्ही बाजू एकमेकींत मिसळल्या. जर्मनीत कुर्ट श्विटर्स यांनी 1919 पासून ट्रामची तिकिटे, वेष्टने आणि छापील चिटोरी वापरून चित्रे केली, आणि फोटोमोंताजमधील, म्हणजे छायाचित्रांचे तुकडे जोडून चित्र करण्यातील, अग्रणी हाना ह्योख यांनी 1930 च्या दशकात नियतकालिकांतील शेकडो छायाचित्रांचा एक अल्बम स्वतःसाठी रचला. मेक्सिकोत चित्रकार फ्रीडा काहलो यांनी आयुष्याच्या अखेरच्या दहा वर्षांत ठेवलेली रोजनिशी 1995 मध्ये जशीच्या तशी छापली गेली. तिच्यात अक्षरे आणि रंग एकमेकांवर चढतात, आणि काही पानांवर सांडलेल्या शाईच्या डागालाच पुढे डोळे, हात, चेहरे फुटतात. लंडनचे चित्रकार टॉम फिलिप्स यांनी 1966 मध्ये तीन पेन्सला एक जुनी कादंबरी विकत घेतली, आणि तिचे प्रत्येक पान रंगवून, मोजकेच शब्द उघडे ठेवून, पुढची पन्नास वर्षे ते त्याच पुस्तकावर काम करत राहिले. आज अनेक जण जुन्या पुस्तकाचीच वही करतात, तेव्हा ते याच वाटेवर असतात.

मात्र या सर्वांइतकेच श्रेय एका रसायनाला द्यावे लागेल. तैलरंग कागदावर नीट टिकत नाहीत. त्यातले तेल कागदात मुरते, तो ठिसूळ करते आणि रंग सुकायला दिवसचे दिवस घेतो. जलरंग लवकर सुकतात, पण त्यांवर दुसरा ओला थर दिला की खालचा विरघळतो. पाण्यात मिसळणारा अॅक्रिलिक रंग आणि त्याच जातीचे अस्तर, म्हणजे जेसो, 1955 मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटीच्या एका कारखान्यातून कलावंतांच्या हाती आले, आणि वहीचे पान पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने थर पेलू लागले. हा रंग तासाभरात सुकतो, सुकल्यावर पाण्याने उठत नाही, आणि त्याचे बिनरंगी माध्यम गोंद म्हणूनही चालते. त्यामुळे रंगवणे आणि चिकटवणे ही एकच क्रिया झाली. छापील पानावर जेसो फिरवला की मजकूर अर्धवट झाकतो आणि वर पुन्हा लिहिता येते. एक उणीव तेवढी राहिली: अॅक्रिलिकचे सुकलेले पृष्ठही किंचित चिकट असते, मिटलेल्या वहीत पाने एकमेकांना धरतात, म्हणून जाणकार मध्ये मेणकागद घालतात.

आता दुसरा प्रवाह. कोऱ्या पानासमोर मन थबकते, हा अनुभव नवा नाही आणि त्यावरचा उपायही नवा नाही. लिओनार्दो दा विंची यांनी आपल्या टिपणांत चित्रकारांना सांगून ठेवले आहे, की डाग पडलेल्या भिंतींकडे पाहत राहावे. त्यांत डोंगर, नद्या, लढाया आणि चेहरे दिसू लागतात. इंग्लंडमधील चित्रकार व कलाशिक्षक अलेक्झांडर कोझेन्स यांनी 1785 च्या सुमारास याच विचाराची रीतसर पद्धत केली. निसर्गदृश्याची स्थूल कल्पना मनात धरून कागदावर शाईचे डाग झपाट्याने टाकायचे, त्यावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि डागांतून दिसणारे दृश्य त्या कागदावर उतरवायचे. केवळ थोरांच्या चित्रांची नक्कल करून विद्यार्थ्याची स्वतःची कल्पकता खुंटते, अशी त्यांची तक्रार होती. मला हा या इतिहासातला सर्वांत मोलाचा टप्पा वाटतो, कारण इथे शिक्षक विद्यार्थ्याला विषय देत नाही, सुरुवात करून देतो.

1920 च्या दशकात पॅरिसच्या अतिवास्तववाद्यांनी, म्हणजे स्वप्न आणि योगायोग यांना महत्त्व देणाऱ्या कलावंतांनी, घडी घातलेल्या कागदावर, आधीच्याने काय काढले ते न बघता, आळीपाळीने आकृती पुढे नेण्याचा खेळ रूढ केला. 1960 च्या दशकात प्रयोगशील कलावंतांच्या फ्लक्सस चळवळीत सूचना हीच कलाकृती मानली जाऊ लागली: जॉर्ज ब्रेक्ट यांनी लहान कार्डांवर कृती छापल्या आणि योको ओनो यांनी 1964 मध्ये टोकियोत अशा सूचनांचे पुस्तकच काढले. 1975 मध्ये संगीतकार ब्रायन ईनो आणि चित्रकार पीटर श्मिट यांनी शंभराहून अधिक कार्डांचा संच केला. काम अडले की एक कार्ड ओढायचे आणि त्यावरचे वाक्य मानायचे. या सूचनांना वेळापत्रक नव्हते. आठवड्याची लय लोकप्रिय करण्यात लेखिका ज्युलिया कॅमेरॉन यांच्या 1992 च्या बारा आठवड्यांच्या स्वाध्यायक्रमाचा मोठा वाटा आहे, आणि पुढे 2002 ते 2009 या काळात कलावंत मिरांडा जुलाय व हॅरेल फ्लेचर यांनी कोणालाही करता येतील अशी सत्तर कामे नेमून दिली, ज्यांना हजारो सामान्य लोकांनी उत्तर दिले.

रोज नेमून दिलेले काम अनेकांना जाच होते आणि महिन्याचे विसरले जाते, हे खरेच. पण मिश्र माध्यमाला आठवडा मानवतो याला आणखी एक कारण आहे. एक थर, तो सुकणे, दुसऱ्या दिवशी नव्या नजरेने पाहणे, मग काही झाकणे, काही खरवडणे आणि शेवटी लिहिणे, एवढा प्रवास एका बैठकीत होत नाही. त्यामुळे आजच्या चांगल्या सूत्रात बहुधा एखादा शब्द किंवा प्रश्न, एखादे साधन आणि एखादी कृती अशी जुळणी असते: जसे, ‘उंबरठा’ हा विषय, पारदर्शक कागद हे साधन, आणि आधीच्या पानाचा काही भाग दिसता ठेवायचा ही अट.

सूत्रांच्या या सुकाळात एक गोष्ट मात्र खटकते. पुष्कळ सूत्रे शेवटचे चित्रच सुचवून टाकतात: पंख असलेली स्त्री, घड्याळ, फुलपाखरू, वर एक उत्साहवर्धक वाक्य. मग तयार साच्यांच्या मदतीने केलेली अनेकांची पाने एकमेकांसारखी दिसतात, आणि कोझेन्स यांनी नकलेबद्दल केलेली तक्रार पुन्हा लागू पडते. जुन्या सूचना याबाबत अधिक उदार होत्या. डाग टाका, घडी घाला, डोळे मिटून रेघ ओढा, एवढेच त्या सांगत आणि पानावर काय उमटावे हे करणाऱ्यावर सोडत. आठवड्याचे सूत्र निवडताना किंवा इतरांसाठी लिहिताना त्यात क्रियापद किती आहे आणि तयार चित्र किती आहे, हे आधी तपासावे.