चेनसॉ: मफलर उघडणं आणि पोर्टिंग यांतला फरक
टू-स्ट्रोक चेनसॉची ताकद वाढवायची म्हटलं की मफलर (सायलेन्सर) उघडणं आणि पोर्टिंग ही दोन कामं एकाच दमात सांगितली जातात. दोन्हींनी आवाज बदलतो, मशीन चपळ होतं, म्हणून गल्लत होते. पण पहिलं काम इंजिनच्या बाहेरचं आहे आणि दुसरं थेट सिलिंडरच्या भिंतीतल्या पोर्टांवरचं, म्हणजे वायू ये-जा करणाऱ्या भोकांवरचं.

धूर आणि आवाजाचे नियम पाळायचे म्हणून कंपनी मफलरचं तोंड लहान ठेवते. ते मोठं केलं की जळका वायू सहज निघतो आणि ताजी हवा जास्त आत येते. खरा धोका इथेच आहे. हवा वाढली पण पेट्रोल तेवढंच राहिलं, तर मिश्रण लीन होतं. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच आत जातं. त्यामुळे उष्णता वाढते, वंगण मात्र अपुरं पडतं. पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूने ओरखडे उठतात आणि इंजिन सीझ होतं. म्हणून मफलरनंतर कार्बोरेटरचा 'एच' स्क्रू (वरच्या वेगाला पेट्रोल किती जाईल ते ठरवणारा) थोडा सैल करून, आरपीएम मोजणारा टॅकोमीटर लावून, कमाल आरपीएम कंपनीच्या मर्यादेत आणावाच लागतो. ट्यूनिंग बरोबर असेल तर मशीन लाकडाबाहेर फुल थ्रॉटलला किंचित फडफडतं आणि लाकडात घातलं की आवाज स्वच्छ होतो. श्टीलची एम-ट्रॉनिक किंवा हस्कवर्नाची ऑटोट्यून मशीनं हे मिश्रण स्वतःच जुळवतात, तेही एका मर्यादेपर्यंत. ठिणग्या अडवणारी जाळी मात्र काढू नका. कोरड्या जंगलात एक ठिणगी पुरते. अमेरिकेत तर प्रमाणित इंजिनाच्या धूर-नियंत्रणात असा फेरफार करणं मुळात बेकायदा आहे.

आपल्याकडे आरएक्स १००वर हात बसलेल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. टू-स्ट्रोक बाइकच्या एक्झॉस्टमधला फुगीर चेंबर दाबाची लाट परत पाठवतो आणि निसटू पाहणारं ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलतो. तो कापला की ताकद घटते. चेनसॉचा मफलर बहुतेक वेळा साधा डबा असतो, तिथे गमावण्यासारखी लाटच नसते.

पोर्टिंगमध्ये पोर्ट कधी उघडतो, किती रुंद उघडतो, हेच बदललं जातं. एक्झॉस्ट पोर्टचं छत वर नेलं की तो लवकर उघडतो. ताजं मिश्रण आत सोडणारा ट्रान्सफर पोर्ट उघडण्याआधी जळका वायू निघायला जास्त वेळ मिळतो आणि ताकद वरच्या आरपीएमला सरकते. बदल्यात कॉम्प्रेशन घटतं, खालचा दम जातो. ते भरून काढायला जाणकार सिलिंडरचा तळ लेथवर उतरवतात आणि पिस्टन व हेडमधलं अंतर साधारण ०.५ मिमीपर्यंत आणतात. पण सिलिंडर खाली आला की सगळ्या पोर्टांचं टायमिंग पुन्हा हलतं, म्हणून डिग्री व्हील (क्रँकवर लावायची अंशांची चकती) लावून अंश मोजल्याशिवाय ग्राइंडर हातात घेऊच नये. भिंतीवरचा कठीण मुलामा कडेला उडाला किंवा पोर्टची धार गोल केली नाही, तर रिंग अडकून तुटते.

माझं मत ठाम आहे: ज्याला रोज लाकूड कापायचं आहे त्याने आधी चेन नीट धारदार करावी, रेकर (दात किती खोल कापेल ते ठरवणारे चेनवरचे उंचवटे) तपासावेत. मफलरचं तोंड चुकलं तर नवा मफलर बसवता येतो. पोर्ट एक मिलिमीटर जास्त घासला गेला, तर सिलिंडरच नवा घ्यावा लागतो.